गुलब्याचा साज

आमच्या सासऱ्यांच्या अंगावर घट्ट अशी एकही वस्तू सापडणार नाही. सदरा दोन माणसं मावतील एवढा, चपलेचा पट्टा कायम उघडा, घड्याळ मनगटापासून कोपरापर्यंत फिरतं. "आवललेला मना सोसत नाय," असं म्हणतात. स्वतःपुरतं होतं तोवर कुणाची हरकत नव्हती. पण ते कुत्र्याचे पट्टेही सैल करायला लागले आणि आमच्या घरात नुसता गोंधळ उडाला.

तुळशीराम त्यांचं नाव. मूळचे कोन गावचे. जन्मभर भातशेती केली आणि उरलेल्या वेळात शर्यतीचे बैल सांभाळले. खरं म्हणजे उलटं सांगायला हवं. पुढे जमीन गेली, बैल विकले, आणि आम्ही सगळे खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. इथे आल्यावर सासरे सोफ्यावर बसले ते बसलेच. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तरी तिकडेच बघत राहायचे. माझ्या नवऱ्याने, निकेशने, त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट चांगले आले, माणूस मात्र बोलेना.

मग ते कोनला कुणाच्या तरी बाराव्याला गेले आणि येताना पिशवीतून पिल्लू घेऊन आले. तपकिरी, लोंबत्या कानांचं, जातीचा पत्ता नाही. नाव ठेवलं गुलब्या. तेव्हापासून सोफा रिकामा झाला. सकाळ-संध्याकाळ दोघं खाली, आणि वर आले की मला बातम्या: कुठल्या बिल्डिंगीत पाणी आलं नाही, कुणाची सून रुसून माहेरी गेली. खोटं कशाला बोलू, सोफ्यावरचे केस झाडताना मी रोज वैतागायचे. पण हा माणूस परत बोलायला लागला, म्हणून त्या कुत्र्याच्या मी मनातल्या मनात पाया पडत होते.

गुलब्या मोठा झाला तसा त्याच्यात जोर आला. गळपट्टा ताणून ओढायचा आणि खोकायचा. डॉक्टरबाईंनी मान तपासली आणि म्हणाल्या, "गळ्यावर ताण येऊ देऊ नका, श्वासनळीला इजा होईल. छातीवरून बांधायचा हार्नेस घ्या."

सासरे खूश झाले. "बैल कदी गल्यानं वढतो का? खांद्यानं वढतो. या बाईला कलतंय," असं मला वाटभर सांगत आले. आणि मला न विचारता परस्पर बाजारात जाऊन हार्नेस घेऊन आले. त्याला ते साज म्हणतात.

तो पहिला साज मी विसरणार नाही. छातीवर जाडजूड गादी, पाठीवर दोरी अडकवायची भक्कम कडी. निवडताना त्यांनी एकच पाहिलं होतं, जनावराला जोर लावायला सोयीचा आहे की नाही. होता. छातीला टेकू मिळाला आणि गुलब्या शर्यतीला निघाला. सासऱ्यांना त्याचं कौतुकच. "छाती बघ त्याची," म्हणायचे आणि मागून फरफटत जायचे. त्याच आठवड्यात एका मांजरामागे त्याने अशी धाव घेतली की सासरे रस्त्यावर आडवे झाले. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला.

निकेश रागाने लाल झाला. काळजी वाटली की त्याला राग येतो, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. "हाड मोडलं असतं तर, बाबा? परत काही झालं तर कुत्रा चिरनेरला जाईल." चिरनेरला त्याचा आतेभाऊ मिथुन राहतो. त्याची वाडी आहे, जागा मोकळी आहे. सासरे परत सोफ्यावर जाऊन बसले आणि बंद टीव्हीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन मी हेतलच्या दुकानात गेले. हेतल कुत्र्या-मांजरांचं सामान विकते आणि गिऱ्हाइकापेक्षा कुत्र्याशी जास्त बोलते. तिने गुलब्याच्या पुढच्या पायांमागून टेप फिरवून छातीचं माप घेतलं आणि एकेक हार्नेस चढवून त्याला दुकानात चालवलं. एकाचा पट्टा खांद्यांवरून आडवा जात होता. सासरेच म्हणाले, "पाय आखडतोय त्याचा. काढ." दुसरा काखेत घासत होता. तोही त्यांनीच शिवणीवरून बोट फिरवून नापास केला. तिसऱ्याचे पट्टे गळ्याखालून छातीच्या मधोमध उतरत होते, खांदे मोकळे होते, आणि दोरीची कडी पुढे छातीवर होती.

"काका, गुलब्याने ओढलं की तो आपोआप तुमच्याकडेच वळतो," हेतल म्हणाली. "फक्त पट्टा दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. जास्त सैल राहिला तर मागे सरकून डोकं काढून घेईल."

सासऱ्यांनी शहाण्यासारखी मान हलवली. घरी आल्यावर नव्या साजाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि निम्मं खोबरं गुलब्यानेच संपवलं. नवा साज चढवल्यावर कुत्रा खरंच नीट चालायला लागला. ओढणं थांबलं, खोकला थांबला. मी म्हटलं, सुटलो.

कसले सुटतोय! मी पट्टा दोन बोटांवर आणून ठेवायचे आणि ते फिरून आले की बघावं तर आख्खी मूठ आत जायची. मी सरकती कडी परत घट्ट करायचे, ते जिन्यात पोचले की सैल करायचे. शेवटी मी विचारलंच, "बाबा, हेतलने काय सांगितलं होतं?"

"तिला बैल म्हाईत हाय का? खांदा आला की काय हाल होतात ते मी बगितलंय. सुजतो, सोलतो, माशी बसतं. पोल्याच्या आदल्या दिशी खांदं मलताना हात लावला तरी कातडी थरथरतं. आनि जनावराला बोलता येत नाय."

"बैलाच्या खांद्यावर जू असतं, बाबा. याच्या अंगावर पट्टा आहे, आणि तोही फिरण्यापुरता."

"तुला नाय कलायचा," म्हणाले आणि गुलब्याच्या पोटाखाली हात फिरवत राहिले. माया ही अशी. आता तिच्याशी भांडायचं तरी कसं?

व्हायचं ते झालंच. शेजारच्या बिल्डिंगीतल्या मुलीची हळद होती. संध्याकाळी खाली डीजे सुरू झाला तो नेमका हे दोघं गेटातून बाहेर पडताना. गुलब्या घाबरून मागे सरकायला लागला. सासऱ्यांनी दोरी आपल्याकडे खेचली, त्याने मान खाली घातली, आणि साज कानांवरून मोजा निघावा तसा निघून आला. कुत्रा थेट मोठ्या रस्त्यावर. ब्रेक दाबल्याचा आवाज मी गॅलरीतून ऐकला. रिक्षावाला चांगला, त्याने रिक्षा फुटपाथला घासली पण कुत्र्याला वाचवलं. गुलब्या एका गाडीखाली थरथरत बसलेला सापडला.

निकेशने त्याच संध्याकाळी मिथुनला फोन केला. "रविवारी दुपारी टेम्पो घेऊन ये." मी मध्ये बोलायला गेले, तर म्हणाला, "आज कुत्रा रस्त्यावर गेला. उद्या त्याच्यामागे बाबा धावले तर?"

शनिवारी सासऱ्यांनी तो साज साबणाने धुतला आणि गॅलरीतल्या खिळ्याला टांगला. म्हणाले, "जनावर दिला तरी त्याचा दावा देत नसतात. दावा घरातच ऱ्हातो." बैल विकताना त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, मागे ठेवायची आमच्याकडे पद्धत आहे, ती मला ठाऊक होती. पण त्या ओल्या साजाकडे बघत उभा राहिलेला तो माणूस बघून माझं डोकं फिरलं. "बाबा, साज भिंतीवर ठेवायचाय की कुत्र्याच्या अंगावर, ते तुम्हीच ठरवा. सैल बांधलात म्हणून तो चाललाय. त्याला रुतू नये म्हणून जपलंत, आणि तोच मरता मरता वाचला." सासऱ्यांना एवढं बोललेले मी पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "ती दोन बोटा कशी ती दाव." मी दाखवलं. त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा आवळला, दोन बोटं घालून पाहिली, परत थोडा आवळला. "रुतत नाय ना, बग," म्हणाले. मी काखेत हात घालून पाहिलं. "नाही रुतत." मग ते निकेशच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. "चल खाली. एकदा बग, आनि मंग दे."

आम्ही तिघं आणि गुलब्या खाली उतरलो. कोपऱ्यावर बांधकामाची खडी उतरत होती. डंपरचं मागचं फाळकं धाडकन आपटलं आणि गुलब्याने जागेवरच उलटा जोर लावला. मान खाली, पाठ कमानीसारखी, पाय मागे मागे. निकेश धावला. पट्टे कानांपर्यंत सरकलेच नाहीत. आणि सासऱ्यांनी या वेळी दोरी खेचली नाही. ढील देत ते कुत्र्याच्या जवळ गेले, दुखरा गुडघा तसाच टेकून रस्त्यातच बसले आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. गुलब्याने तोंड त्यांच्या काखेत खुपसलं. निकेश आमच्यापासून दोन हातांवर थांबला होता. मग तो वळला आणि आमच्या पुढे जिना चढून गेला.

दुपारी मिथुन आला. टेम्पोत त्याने गवत अंथरून आणलं होतं. चपला काढता काढता म्हणाला, "मामा, कुठंय तुमचा पैलवान?" सासरे गुलब्याच्या शेजारी जमिनीवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांचा हात तेवढा कुत्र्याच्या पाठीवर फिरायचा थांबला.

"मिथुन, तुला उगाच फेरी पडली," निकेश म्हणाला. "कुत्रा देत नाही. बाबांचा आहे तो."

सासऱ्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले, भिंतीला धरून ते उठले आणि मला म्हणाले, "दिपिका, ताट वाढ. पोर लांबून आलाय, रिकामा नको जाया."