बिनकिल्लीची जीप

लष्करी संग्रहालयाच्या आवारात एक जुनी जीप उभी आहे. परवा तिच्यात डोकावले, तर किल्ली घालायला जागाच दिसली नाही. होता नुसता एक खटका.

"हिची किल्ली कुठे गेली?" मी विचारले.

राखणीला बसलेले निवृत्त हवालदार हसले. "आधी असायची, ताई. पण किल्ली ड्रायव्हरच्या खिशात, आणि ड्रायव्हरच पडला तर? म्हणून खटका आला. जो उरेल त्यानं गाडी काढावी." पाऊसपाण्याचे बोलावे तसे ते बोलले.

माझे यजमान फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर स्कूटरची किल्ली ते स्कूटरलाच ठेवत. "चोरांना आवतणच देता की!" म्हणून मी कितीदा भांडले. "लागली कुणाला तर?" एवढेच ते म्हणत. ते गेले त्या संध्याकाळी मी ती किल्ली काढून कपाटात ठेवली. शेजारच्या सूनबाईने दोनदा स्कूटर मागितली, मी दिली नाही.

माणूस जाणार हे धरूनच केलेली सोय कठोर म्हणावी की मायेची, ते जीपपाशी मला ठरवता आले नाही.

घरी येऊन किल्ली स्कूटरला लावली आणि शेजारी सांगून आले, "लागली की ने गं. विचारत बसू नकोस."