जॅकवरची सावली

रोज सकाळी सव्वासहाला इंदुमती सबनीस हिरवळीच्या कडेच्या कट्ट्यावर बसून गोळे पुसायच्या. हातात जुन्या पंच्याचा तुकडा, अर्धा ओला, अर्धा कोरडा. आधी समोरच्या जोडीचे गोळे, मग आपले. समोरची जोडी अजून यायची असे, कधी येणारच नसे, तरी हा क्रम बदलत नसे. त्यांचे यजमान दिनकरराव सोसायटीला चकरा मारता मारता थांबत.

"अगं, हरवायचंय ना त्यांना? आणि तूच चकाचक करून देतेस?"

"मळक्या गोळ्यांनी हरले तर वर्षभर तेवढंच कारण सांगत बसतील," त्या म्हणायच्या.

इंदुमतीबाईंचा जन्म दिल्लीच्या हिंदूराव इस्पितळातला. वडील ग्वाल्हेरहून नोकरीला आले ते दिल्लीतच राहिले. लग्नानंतर बाईंची सत्तावीस वर्षं सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेली. एका मंत्रालयात त्या कारकून म्हणून लागल्या आणि सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा दोघांनी गुडगावला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. ते साल एकोणीसशे नव्याण्णव. समोर मोहरीची शेतं होती आणि शेतांच्या पलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट आणि 'इंटरनॅशनल क्लब' होता. प्रत्यक्षात प्यायचं पाणीच टँकरनं येत होतं, त्यामुळे तलावाची जागा सपाट करून तशीच राहिली.

त्या सपाट जागेवर चौथ्या मजल्यावरच्या सेनबाबूंची नजर पडली. ते कलकत्त्याचे. तिथल्या एका जुन्या क्लबात त्यांनी तीस वर्षं लॉन बोल्स खेळलेलं. त्यांनी दोन वर्षं कमिटीच्या मागे लागून गवत लावून घेतलं, रोलर फिरवून घेतला आणि कलकत्त्याहून गोळ्यांचे चार संच रेल्वेनं आणवले. एकच गोष्ट त्यांच्या मनासारखी झाली नाही. अशी हिरवळ उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे ऊन खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर येत नाही. बिल्डरचा तुकडा पूर्व-पश्चिम होता. "हे बिल्डर लोक सूर्यालासुद्धा विचारत नाहीत," सेनबाबू म्हणायचे.

खेळ दिसायला सोपा. एक छोटा पांढरा चेंडू, त्याला जॅक म्हणायचं, तो तीस पावलांवर ठेवायचा. मग पायाखालच्या चटईवरून आपले गोळे घरंगळत सोडायचे. ज्याचा गोळा जॅकच्या जास्त जवळ, त्याची फेरी. गोम अशी की गोळा एका बाजूला किंचित जड असतो, त्यामुळे तो कधी सरळ जात नाही, वळसा घेऊनच पोहोचतो. दिनकररावांनी पहिल्या दिवशी तीन गोळे शेजारच्या पट्टीत घालवले आणि जाहीर केलं, "हा आमच्या खात्यातल्या फायलीसारखा आहे. पाठवला इकडे, पोचला तिकडे." त्यानंतर त्यांनी फक्त चकरा मारल्या. इंदुमतीबाईंना मात्र खेळ पहिल्याच आठवड्यात आवडला. त्याहून जास्त आवडल्या त्याच्या रीती. कुणी गोळा सोडत असताना हलायचं नाही, बोलायचं नाही. समोरच्याचा फटका चांगला पडला तर आधी आपण 'वा' म्हणायचं. आपला गोळा नशिबानं लागला तर तसं कबूल करायचं. फेरी संपली की किती गुण झाले ते जिंकणाऱ्यानं सांगायचं नाही, हरणाऱ्यानं सांगायचं. खेळ झाल्यावर चहा जिंकणाऱ्याकडून. आणि इथल्या आडव्या हिरवळीवर सगळ्यांत महत्त्वाचं, आपली सावली जॅकवर पडू द्यायची नाही. लांबून खेळणाऱ्याला तो पांढरा ठिपका तेवढाच दिसत असतो.

"नियम मोडला तर पंच आहे," त्या नवीन माणसाला सांगायच्या. "रीत मोडली तर कुणी काही करत नाही. म्हणून ती आपण सांभाळायची."

अक्षता त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली ती दोन हजार पाच साली. बार्शीची मुलगी. दिल्लीला स्पर्धा परीक्षेसाठी आली, तीनदा बसली, एकदा मुलाखतीपर्यंत पोचली. मग मानेसरच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात तपासणी विभागात लागली. दिवसभर बेअरिंगांचे व्यास बघणाऱ्या त्या मुलीचा हात गोळ्यावर बसायला वेळ लागला नाही. वर्षभरात तिनं इंदुमतीबाईंची जोडीदार म्हणून कर्नल अहलावत आणि त्यांच्या पत्नीला दोनदा हरवलं. कर्नल म्हणाले, "सबनीस मॅडम, आपने तो घर में ही हथियार पाल रखा है!"

दोन हजार आठच्या जानेवारीत सेनबाबू बातमी घेऊन आले. राष्ट्रकुल खेळ दिल्लीला होणार होते, त्यात लॉन बोल्सही होतं आणि देशात खेळाडूच थोडे. निवड चाचणी ठेवली होती. प्रत्येक क्लबानं एकच जोडी पाठवायची. सोसायटीत ती स्पर्धेनं ठरणार होती. त्यातल्या तरुण खेळाडूला पुढे वर्षाच्या शिबिरात जागा मिळण्याची शक्यता होती.

अक्षतासाठी ही बातमी खेळापुरती नव्हती. तिचे वडील हणमंतराव दर रविवारी फोन करत. बार्शीत स्थळ आलं होतं. पाडव्यापर्यंत दिल्लीत काही ठोस दिसलं नाही तर सामान बांधायचं, असं ठरलं होतं. बेअरिंगं तपासणं त्यांच्या लेखी ठोस नव्हतं.

"चाचणीचं पत्र आलं ना काकू," अक्षता म्हणाली, "तर अण्णा वर्षभर गप्प बसतील. त्यांना शिक्का असलेला कागद लागतो."

"मग शिक्का आणू," इंदुमतीबाई म्हणाल्या.

अंतिम सामना रविवारी दुपारी झाला. समोर अहलावत पतिपत्नी, पंच सेनबाबू. शेवटची फेरी आली तेव्हा दोघांचे चौदा-चौदा गुण होते. साडेचार वाजून गेले होते. पश्चिमेच्या इमारतींच्या फटीतून ऊन जमिनीलगत येत होतं. जॅक पश्चिमेच्या टोकाला होता, अक्षता तिथंच उभी राहून गोळ्यांच्या जागा सांगत होती. इंदुमतीबाईंनी चटईवरून आपला शेवटून दुसरा गोळा सोडला आणि त्याच्या मागोमाग चालत गेल्या. तेवढी मुभा असते. गोळा वळसा घेऊन जॅकपासून वीतभर अंतरावर थांबला.

"काकू!" अक्षतानं तोंडावर हात धरला.

"थांब, ओरडू नकोस. अजून कर्नलांचा एक आहे." पण त्या स्वतःच तिच्या कानाशी वाकल्या. "झालं बघ तुझं काम. आणतेस शिक्का."

याच वेळी त्यांनी बाजूला व्हायला हवं होतं. त्या झाल्या नाहीत. जॅकच्या बरोबर मागे, पाठीवर ऊन घेऊन उभ्या राहिल्या. पलीकडे चटईवर वाकलेल्या कर्नलांनी क्षणभर मान तिरकी केली आणि गोळा सोडला. तो निघाला चांगला, पण वळला उशिरा आणि तीन हात लांब जाऊन पडला. इंदुमतीबाईंनी खाली बघितलं. जॅक काळोखात होता. त्यांच्या साडीच्या पदराची झालरसुद्धा गवतावर स्पष्ट दिसत होती.

कर्नल रुमालानं डोळे पुसून चटईवरून बाजूला झाले. आता इंदुमतीबाईंचा एकच गोळा उरला होता. तो त्यांनी गवतात कुठेही सोडला असता तरी सामना त्यांचा होता.

त्या तीस पावलं चालत चटईपाशी आल्या.

"कर्नलसाहब, आपको जॅक दिखा था?"

"अरे छोड़िए मॅडम. हो जाता है."

"दिखा था या नहीं?"

कर्नलांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "आख़िर में नहीं दिखा."

त्या सेनबाबूंकडे वळल्या. "फेरी रद्द करायचीय."

"नियमात सावलीला शिक्षा नाही," सेनबाबू म्हणाले. "पण दोन्ही कप्तान राजी असतील तर फेरी रद्द करून परत खेळता येते. कर्नल, आप?"

"भई, मैं तो फ़ायदे में हूँ, मैं क्यों मना करूँ?" कर्नल हसले. त्यांच्या पत्नीनं मात्र लांब उभ्या अक्षताकडे बघितलं आणि त्या हसल्या नाहीत.

सेनबाबूंनी हात वर करून फेरी रद्द झाल्याची खूण केली. अक्षताला आधी कळेना. मग तिनं जॅकजवळचा तो गोळा उचलला, पोटाशी धरला आणि चालत आली.

फेरी परत झाली. कर्नलांचा शेवटचा गोळा जॅकला चिकटून थांबला. हरणाऱ्यानं आकडा सांगायचा म्हणून अक्षता वाकली, दोन्ही गोळ्यांमध्ये बोट धरून बघितलं आणि सरळ उभी राहिली. "एक. तुमचा."

तिनं हात मिळवले. अहलावतांनी पाजलेला चहा उभ्यानं प्यायली. वर येऊन खोलीचं दार लावून घेतलं.

दोन दिवस ती घरात होती आणि नव्हती. तिसऱ्या दिवशी इंदुमतीबाईंनी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"रागावलीस."

"नाही."

"अगं, सावली माझी होती. मी तसं कसं जिंकणार होते?"

"तुम्ही नाही, आपण," अक्षता म्हणाली. "आपण जिंकणार होतो, काकू. तुम्ही कर्नलांना विचारलं, सेनबाबूंना विचारलं. मी तीस पावलांवर उभी होते. मला नाही विचारलं."

इंदुमतीबाईंनी बशी तिच्याकडे सरकवली.

"विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते, माहीत नाही," अक्षता पुढे म्हणाली. "कदाचित हो म्हणाले असते. पण ते माझं म्हणणं झालं असतं. आता ते तुमचंच आहे. चांगुलपणा तुमचा, आणि बार्शीला मी."

स्वयंपाकघराच्या दारातून दिनकरराव म्हणाले, "बिल्कुल बरोबर बोलतेय ती."

"तुम्ही मधे पडू नका."

"पडत नाही. उभाच आहे."

बाईंनी पोह्यांवरचं खोबरं बोटानं सारखं केलं. "विचारायला हवं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "कप्तान झालं की माणूस विसरतो. चुकलं माझं."

त्या रविवारी हणमंतरावांचा फोन आला तेव्हा इंदुमतीबाईंनी अक्षताच्या आधी तो उचलला. हणमंतरावांशी त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. सामना काय होता, चाचणी कशाची होती, सगळं त्यांनी ऑफिसातली टिप्पणी सांगावी तसं क्रमानं सांगितलं.

हणमंतराव म्हणाले, "म्हंजे बाई, माझी पोरगी हरली, का तुमी तिला हरवली?"

"मी हरवली."

"जिकलेला डाव उधळून?"

"हो."

"त्या मिलिटरीवाल्यानं तक्रार केली व्हती?"

"नाही."

"आन् कुनी बघितलंबी नव्हतं?"

"मी बघितलं होतं ना."

हणमंतराव हसले की खोकले, ते कळलं नाही. "लई अवघड बाई आहात तुमी. आता मी पावन्यांना काय सांगू? पोरीत कमी न्हाई, घरमालकीन नडली, असं?"

"तसंच सांगा. आणि एक वर्ष द्या. पुढच्या वर्षी परत चाचणी आहे. तिचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं, तर वर्षही माझ्याकडे मागा."

"मागतो की. तुमीच सांभाळा तिला वर्षभर. खोलीचं भाडं वाढवायचं न्हाई आन् वेळेवर जेवली का ते बघायचं. पोरगी हरली असती तर आनली असती घरी. न हारता कशी आनू?"

अक्षता दारात उभी राहून ऐकत होती. तिनं फोन घेतला आणि कोपऱ्यात जाऊन खूप वेळ बोलली. इंदुमतीबाई तेवढ्या वेळात कपडे वाळत घालून आल्या.

पुढच्या वर्षीच्या चाचणीला अक्षता एकटीच गेली. एकेरीत दुसऱ्या फेरीत हरली आणि शिबिराला तिची निवड झाली नाही. परत आल्यावर तिनं फक्त एवढं सांगितलं, की तिथं एका मुलीनं दुसऱ्या कुणाचा गोळा तिचा समजून तिला 'वा' म्हटलं आणि तो आपला नव्हे असं हिनं सांगितलं. कारखान्यात तिला बढती मिळाली. बार्शीचं स्थळ दुसरीकडे गेलं. वर्ष संपलं तेव्हा हणमंतरावांनी सामान बांधायला सांगितलं नाही, फक्त विचारलं, "घरमालकीन भाडं वाढवती का?" ती मागच्या खोलीतच राहिली. दोघी जोडीनं खेळत राहिल्या. आता शेवटची फेरी अवघड झाली की इंदुमतीबाई चटईपासून जॅकपर्यंत चालत जायच्या, बाजूला उभं राहून अक्षताशी बोलायच्या आणि मग परत यायच्या. गुडघे दुखायचे, तरी जायच्या. सेनबाबू वेळ जातो म्हणून कुरकुरायचे.

दोन हजार बाराच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास इंदुमतीबाई वर्तमानपत्र वाचता वाचता गेल्या. दिनकरराव बँकेत गेले होते, अक्षता मानेसरला. त्या सकाळी साडेआठला अक्षता कामाला निघाली तेव्हा त्या दारापर्यंत आल्या होत्या. अक्षतानं विचारलं, संध्याकाळी काही आणायचंय का. बाईंनी थोडा विचार केला.

"लिंबं आण. चारच आण हं, मागच्या वेळी डझनभर आणलीस, निम्मी वाळली."