चारानं भागायची मगर

माझी कयाक साडेबारा फूट लांब आहे. हा आकडा तिच्यावर छापलेला आहे, मी सांगितलेला नाही, म्हणून निर्धास्तपणे लिहितो. कयाक म्हणजे एका माणसापुरती, अरुंद, प्लास्टिकची होडी. माणूस तिच्यात पाय लांब करून कमरेपर्यंत आत बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारत जातो. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ती मावत नाही, म्हणून पार्किंगच्या छताला टांगलेली असायची. पहिल्यांदा ती गाडीच्या टपावर बांधून निघालो, तेव्हा सात रस्ता चौकात तासभर वाहतूक ठप्प झाली. बायकोचं म्हणणं, सिग्नल लाल होता. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "काका, घसरगुंडी कुठल्या बागेत बसवायची?"

बाग नव्हती. उजनी धरणाचं पाणी करमाळ्याच्या बाजूला जिथवर पसरलंय, तिथल्या एका काठावर मी रविवारी मासे धरायला जात असे. त्या काठावर एक मामा आणि मामी राहायचे, अजूनही राहतात. दोघांची मासेमारी. मामा जाळी टाकायचे आणि काढायचे, मामी मासे निवडायची, तोलायची आणि विकायची. मामा पाण्यात जायचे ते ट्रकच्या ट्यूबवर. हवा भरलेल्या ट्यूबला मध्ये पोत्याची झोळी विणलेली. त्यात बसायचं, दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडायचे आणि हातानं पाणी ओढत जायचं. पाय नुसते लोंबकळत नसत. आमच्या त्या कोपऱ्यात पाण्याखाली जुन्या बाभळी उभ्या आहेत आणि जाळं त्यांच्या खुंटांना अडकतं. ते पायाच्या बोटांनी चाचपून सोडवायचं. मामांचे पाय म्हणजे त्या घराचं निम्मं दुकान होतं.

आता माझ्याबद्दल. मी खोटं बोलत नाही. फक्त लहान गोष्ट सांगायला मला लाज वाटते. एकदा माझ्या गळाला एक कटला लागला आणि दोर तोडून गेला. चाळीस किलोचा होता, असं मी मामीला सांगितलं. आठवड्यानं तोच कटला मामांच्या जाळ्यात आला, ओठात माझा गळ तसाच. मामीनं तो वजनकाट्यावर टाकला. दहा किलो.

मामीनं काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "म्हंजी सायेबाला चारानं भागायचं."

तेव्हापासून तिनं मला चारानं भागलं. यात कुचेष्टा नव्हती. काट्यात फरक आहे हे कळल्यावर माणूस तेवढं वजन वजा करून व्यवहार चालू ठेवतो, तसंच. काठावर चार लांडगे पाणी पिताना दिसले, असं मी एका सकाळी सांगितलं. मामी म्हणाली, "एक आसंल. मीबी बगितला." खरोखर एकच होता. पण ती खऱ्यालाही भागायची, ही अडचण. करमाळ्यातून फोन करून "तासाभरात पोचतो" म्हणालो, की ती पंधराव्या मिनिटाला चहा गाळून ठेवायची. तासाभरानं पोचणारा मी, सगळा हिवाळा गार चहा प्यालो.

त्या रविवारी उन्हं नुकतीच वर आली होती. मामांची जाळी रात्रीपासून बाभळींच्या कोपऱ्यात पडलेली, ती थोड्या वेळानं काढायची होती. मी जाळ्यांपासून जरा लांब, पण त्याच कोपऱ्यात, शिवड्यासाठी गळ टाकून बसलो होतो. शिवडा म्हणजे मोठ्या जबड्याचा, दातांचा, बिनखवल्याचा मासा. लहान मासे खातो आणि गळाला लागला की होडी ओढतो. लागला. मी वल्हं मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी गळकाठी धरून बसलो. कयाक अशी सुटली की वाटलं, हा आता पुण्याला नेऊन सोडणार. केस असते तर उडाले असते.

मग ओढ एकदम थांबली. शिवडा आडवा होऊन वर आला, माझ्यापासून हातभर अंतरावर. त्याच्याशेजारी एक बाभळीचं खोड तरंगत होतं. त्या खोडाला डोळे होते.

आवाज फार मोठा झाला नाही. ओली सतरंजी दगडावर आपटावी, तेवढाच. दोर हलका झाला. ओढून घेतला तर गळाला शिवड्याचं नुसतं मुंडकं होतं, मिशांसकट. मगर कयाकला समांतर पडून उरलेला मासा गिळत होती. तिचं नाक माझ्या गुडघ्याशी, शेपूट होडीच्या मागच्या टोकाशी. म्हणजे आठ फूट. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट मोजली. मग ती खाली गेली आणि पाण्यावर काहीच उरलं नाही.

काठाला लागलो तेव्हा मामा ट्यूब पाण्यात ढकलत होते.

"मामा, थांबा! जाळ्यापाशी मगर आहे!"

मामी मासे निवडायची टोपली घासत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "केवडी?"

"आठ फूट."

"म्हंजी दोन," मामी म्हणाली. "घोरपड आसंल. पवती ती."

"मामी, हे बघा मुंडकं! मासा खाल्ला तिनं माझा!"

तिनं मुंडकं हातात घेऊन उलटसुलट केलं. "पाणमांजरानं तोडलंय. आवं, जावा तुमी, ऊन चडलं म्हंजी मासं मरत्याल जाळ्यात."

"आईशप्पथ सांगतो!"

"शप्पत कशाला घालतासा सायेब, चा प्या की." आणि मामा झोळीत बसून निघालेसुद्धा. दोन्ही पाय पाण्यात.

मी मागोमाग कयाक लोटली आणि ओरडत राहिलो. आठ फूट, मामा, आठ फूट! ते मागं न बघता म्हणाले, "व्हय की, दोन, दोन." त्यांच्या आणि जाळ्याच्या मध्ये फार पाणी राहिलं नव्हतं. पाण्यावर जाळं तरंगतं ठेवणारी थर्मोकोलची बोयरी दिसत होती. मी कितीही खरं बोललो तरी त्या घरात पोचताना त्याचा चतकोर व्हायचा. मामांचे पाय त्या चतकोरावर अवलंबून होते. तेवढ्यात मला हिशेब सुचला.

मी वळून काठाकडे बघत छाती फुटेस्तोवर ओरडलो, "मामी! बत्तीस फूट आहे! बत्तीस!"

मामीचे ओठ हललेले मला तिथून दिसले. मग टोपली पडली.

"आवंऽऽ! पाय वर घ्या! आट फुटाची मगर हाय!"

मामांनी जन्मात माझं ऐकलं नव्हतं आणि तिचं टाळलं नव्हतं. त्यांनी दोन्ही पाय एकदम वर घेतले. ट्यूबचा तोल त्या पायांवर होता, हे त्या क्षणी कुणाच्याच लक्षात नव्हतं. ट्यूब उलटली आणि मामा गळ्यापर्यंत पाण्यात गेले. ज्या माणसाचे गुडघे वाचवायला मी निघालो होतो, तो मी सगळाच्या सगळा पाण्यात घातला होता.

मी किती जोरात वल्हं मारलं ते सांगत नाही, तुम्ही भागाल. मामांनी कयाकचं मागचं टोक धरलं आणि पालीसारखे पालथे कमरेपर्यंत वर आले, पाय पाण्यातच. होडीचं नाक आभाळाकडे गेलं. तसेच बसलो, न हलता. बोयऱ्यांच्या पलीकडे, दोन खुंटांच्या मधोमध, ती वर आली. आधी डोळे, मग पाठ, मग बरीच पाठ. आमच्याकडे बघितलं. तिला आमच्यात काही विशेष दिसलं नसावं, कारण ती हळूच वळून लव्हाळ्याकडे गेली.

मग माझ्या पाठीमागून मामांचा आवाज आला.

"सायेब."

"काय?"

"बत्तीसच हाय."

दोन दिवसांनी वनखात्याचे लोक आले. मगर पलीकडच्या काठावर ऊन खात पडली होती. दुर्बीण लावून पाच-साडेपाच फूट असेल म्हणाले, सांभाळून राहा म्हणाले आणि चहा पिऊन गेले. पुढच्या रविवारी मामीनं मला हे सांगितलं. बोटांवर थोडा वेळ काही मोजलं आणि म्हणाली, "म्हंजी सायेबाला आता सहानं भागायचं."

मामा मात्र बत्तीसवर ठाम आहेत. बाजारात कुणी विचारलं तर तिथून खाली येत नाहीत. मामी शेजारी उभी राहून ऐकते आणि भागत नाही. मी एकदा कारण विचारलं. ती म्हणाली, "त्येंनी पाण्यातनं बगितलीय. तुमी होडीतनं."

 मगर त्या कोपऱ्यातून गेलेली नाही आणि मामांनाही जाऊन चालत नाही. ट्यूब झाडाला टांगलेली आहे. आता मामा कयाकमध्ये पाय लांब करून, पाय कोरडे ठेवून, जाळं काढायला जातात. खुंटात अडकलं तर बांबूच्या आकड्यानं सोडवतात आणि पायासारखं जमत नाही म्हणून शिव्या देतात. मी काठावर बसून गरम चहा पितो. हल्ली मी निघताना फोन करत नाही.

घरी मी सांगितलं, कयाक मगरीनं नेली. बायकोचं मामीशी फोनवर बोलणं असतं, हे मला माहीत नव्हतं. तिनं पार्किंगच्या रिकाम्या छताकडे बघितलं आणि विचारलं, "सहावा हिस्सा नेला असेल. उरलेली कुठे आहे?"

मी म्हटलं, मामांच्या पायात.