आत्या काढायची तो जादूगारणीचा आवाज

माझ्या आत्याच्या अंगात कधीच काही आलं नव्हतं.

काल रेखाआत्या गेली. नांदुऱ्याच्या घरी बायका बसल्या होत्या. त्यातली एक म्हातारी अगदी मायेनं म्हणाली, "सुटली बिचारी. बाहेरचं होतं तिले. म्हणून तं लग्न झालं नाही."

मी तिथंच होते. हातात पाण्याचा ग्लास. आणि मी गप्प बसले.

परत एकदा गप्प बसले! लाज वाटते स्वतःची. म्हणून आता इथं सगळ्यांसमोर लिहिते.

मी नऊ वर्षांची होते. आत्या बाबांची धाकटी बहीण, तेव्हा सत्तावीसची. सत्तावीस म्हणजे आमच्याकडे घरच्यांची झोप उडायचं वय.

दर शनिवारी पाच वाजता टीव्हीवर एक कार्टून लागायचं, हिंदीत डब केलेलं. पाच टीनएजर सुपरहिरो. आत्या कणकेचे हात तसेच घेऊन माझ्या शेजारी येऊन बसायची.

संपलं की आम्ही दोघी तेच खेळायचो. मी हिरो. आत्या कायम व्हिलन, त्यातली जादूगारीण.

डोळे गरगरा फिरवायची, केस मोकळे सोडायची, घोगऱ्या आवाजात म्हणायची, "तुमची सगळी शक्ती आता माही!" आणि मग स्वतःच पोट धरून हसायची.

एका शनिवारी टू-पार्ट एपिसोड लागला. जादूगारीण आणि तिचे दोन चेले. पाचातली सगळ्यात लहान हिरो टीमवर रुसते आणि टीमचा शक्तीचा मणी गुपचूप जादूगारणीला देऊन टाकते. बाकीचे चौघं दगडात अडकतात. आणि तिथंच 'टू बी कंटिन्यूड'!

आठवडाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

पुढच्या शनिवारी आत्याला बघायला धामणगाव बढ्याचे पाहुणे आले. चार वाजता. टीव्ही होता बैठकीत. पाहुणेही बैठकीतच.

मुलाचं बियाण्यांचं दुकान होतं. हसरा होता. पोहे दोनदा मागून घेतले त्यानं.

आत्या ट्रे ठेवायला आत आली आणि माझ्या कानात म्हणाली, "चांगला वाटते वं पिंके."

तिचे कान लाल झाले होते. मला अजून दिसतात ते कान.

मी म्हटलं, "अन् कार्टून?"

"पाहुणे लवकर गेले तं पाहू."

बास. मला तेवढंच ऐकू आलं.

आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या बायका घरातल्या लहान लेकराला हळूच बाजूला घेतात आणि विचारतात. मोठे लपवतात, लेकरू बोलून जाते, हा त्यांचा अनुभव. मुलाच्या आईनं मला अंगणात घेतलं, हातावर पेढा ठेवला.

"कशी हाये वं तुही आत्या? चिडते-बिडते का?"

गल्लीतल्या एका ताईचं स्थळ कशावरून परत गेलं होतं, ते मी मोठ्यांच्या बोलण्यात ऐकलं होतं. मला बरोब्बर माहीत होतं काय बोलायचं.

"आत्याच्या आंगात येते," मी म्हटलं. "आवाज बदलते तिचा. डोये फिरवते, केस सोडते. मले भेव लागते."

त्या बाईचा चेहराच उतरला.

"सैलानीले नेलं होतं का कधी?"

बाधा झालेल्यांना त्या दर्ग्यावर नेतात, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, "हाव."

पावणेपाचला पाहुणे उठले. चहा तसाच राहिला. बस चुकेल म्हणाले.

पाच वाजता मी टीव्ही लावला.

आत्या बघायच्या साडीतच माझ्या शेजारी येऊन बसली. "पिंके, पाहुणे असे घाईघाईनं काऊन गेले वं?"

"मले काय मालूम."

एपिसोडमध्ये त्या लहान हिरोनं शेवटी सगळ्यांसमोर कबूल केलं की मणी मीच दिला. तिनं खरं बोलल्याबरोबर दगड फुटले आणि चौघं सुटले.

आत्या म्हणाली, "पाह्य, सांगतलं अन् सुटली. एवढंच तं होतं."

ती हे सहज बोलली का तिला माझं कळलं होतं, देव जाणे. मी टीव्हीकडेच बघत राहिले.

त्या दिवशी खेळताना मीच म्हटलं, आज जादूगारीण नको.

बातमी धामणगावातून वडनेरात, वडनेरातून अख्ख्या तालुक्यात. एक स्थळ वाटेतून परत गेलं. मग येणंच बंद झालं. आत्या आमच्याच घरी राहिली. ब्लाऊज शिवले, माझे डबे भरले, माझ्या वेण्या घातल्या.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा पोहे तिनंच केले. आणि पाहुणे यायच्या आधी मागच्या दारानं निघाली.

"आत्या, कुठं चालली?"

"शेजारी बसतो जाऊन. मी दिसली की कोणी ना कोणी विचारतेच. तुह्या कामात माहा अडथळा नोको."

तेव्हा तरी पाय धरायचे होते ना तिचे! नाही धरले. माझं लग्न मोडेल अशी भीती वाटली. दुसऱ्यांदा मी स्वतःचंच बघितलं.

तिच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यातही रोज ठरवून जायचे, आज सांगते. रोज मोसंबी सोलून यायचे.

तर सगळ्यांनी ऐका. नांदुऱ्याच्या, धामणगावच्या, काल घरी बसलेल्या सगळ्यांनी. तिला काहीही नव्हतं. एक लेकरू खोटं बोललं, ते लेकरू मी. तो आवाज ती माझ्यासाठी काढायची.

श्रद्धांजली लिहायची माझी लायकी नाही. तू त्या शनिवारी विचारलं होतंस, त्याचं उत्तर तेवढं देते.

आत्या, पाहुणे मी घालवले.