नव्या ऑइलची रेघ

आमच्या गाडीचं इंजिन ऑइल कधी बदलायचं हे कंपनी ठरवत नाही, किलोमीटरही ठरवत नाहीत. ते ठरवते आमच्या एकोडी गावातली उधई, म्हणजे वाळवी. धान निघाले, गोठ्यांची डागडुजी सुरू झाली, की लोकांना लाकडाला फासायला जळकं काळं ऑइल हवं असतं आणि ते फुकटात मिळायचं गावातलं हक्काचं ठिकाण म्हणजे माझ्या वडिलांची जुनी गाडी. मग येता-जाता चौकशा सुरू होतात. "काका, गाडी जड चालून राहिली वाटते." "काका, आवाज बदलला जी गाडीचा." ज्याच्या गोठ्याच्या खांबाला उधई जास्त, त्याला आमच्या इंजिनाचा आवाज जास्त खराब ऐकू येतो.

बाबांना अशी आठवण करून द्यायची गरज नसते. कंपनीच्या दोन सर्व्हिसांच्या मध्ये एकदा आपल्या हाताने ऑइल बदललंच पाहिजे, हा त्यांचा धर्म आहे. बाकीच्या धर्माच्या बाबतीत ते बरीच सूट घेतात. आईने सत्यनारायण घातला की त्यांना नेमकं शेतात काम निघतं आणि प्रसादाच्या वेळेला ते काम संपतं. ऑइलच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. "धानाच्या बांधीतलं पाणी कुजलं का आपण बदलवतो ना? मंग इंजिनानं काय पाप केलं?" मी भंडाऱ्याला शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझं मत कुणी विचारत नाही. तरी एकदा मी सांगून पाहिलं की हल्लीचं ऑइल जास्त टिकतं, गाडीच्या पुस्तिकेत तसं छापलंय. बाबा म्हणाले, "पुस्तिका लिहिणारा एकोडीच्या फुपाट्यातून गाडी घेऊन गेला होता काय?" तो बहुधा गेला नसावा. 

बाबांनी आयुष्यभर एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली, तीही वापरलेली. तेव्हापासून गावातल्या बाळंतिणी, नवरदेव, मुतखड्याने लोळणारे पाहुणे, सगळे याच गाडीतून तालुक्याला, साकोलीला पोचले आहेत. शेती आमची आहेच, पण शेती करणारे म्हातारे आमच्याकडे पैशाला पासरी. स्टिअरिंगवर बसणारे, ज्यांना अर्ध्या रात्री कुणीही हाक मारावी असे ड्रायव्हर काका गावात एकच. ती खुर्ची कुणी काढून घेतली तर बाबांचं काय उरेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. त्यांनी तो रोज केला असणार, हे मला नंतर कळलं.

ऑइल बदलायचं तर गाडीखाली शिरावं लागतं. गॅरेजवाल्यांकडे त्यासाठी खड्डा असतो, आमच्याकडे पाट आहे. घरामागून बांध्यांकडे पाणी नेणारा हा पाट धान निघाल्यावर कोरडा पडतो. दोन चाकं या काठावर, दोन त्या काठावर अशी गाडी उभी करायची आणि पाटात उताणं झोपून इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट खोलायचा. पाटात पाणी असेपर्यंत इंजिनाला कितीही कोंडल्यासारखं झालं तरी त्याने कळ काढायची.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी गावी गेले होते. पोचले तर बाबा पाटात आडवे आणि काठावर उधईग्रस्तांची रांग, प्रत्येकाच्या हातात कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. काळं ऑइल घमेल्यात पडत होतं आणि सगळे त्याच्याकडे अशा भक्तिभावाने बघत होते की आईचा सत्यनारायण ओशाळला असता. वाटप झालं, रांग पांगली. बाबांनी फिल्टर बदलला, नट आवळला आणि नवं ऑइल ओतायला घेतलं.

मी खाटेवर चहा पीत बसले होते. ऑइल मोजायची ती लांब पट्टी, डिपस्टिक, बाबांनी बाहेर काढली, बनियनला पुसली, आत घातली, पुन्हा काढली, उन्हाकडे धरली. मान तिरकी केली. मग थोडं ऑइल ओतलं. पुन्हा पट्टी, पुन्हा ऊन, पुन्हा तिरकी मान, पुन्हा थोडं ऑइल. असं बराच वेळ चाललं.

"बाबा, इंजिनाले अभिषेक करून राहिले काय?" मी विचारलं.

"तू चहा पी," ते म्हणाले. कॅन रिकामी झाली तेव्हा त्यांनी बॉनेट लावलं.

आईला साकोलीहून जवसाचं तेल आणायचं होतं. तिने तेलाची रिकामी कॅन घेतली आणि पुढे बाबांच्या शेजारी बसली. मी मागे. गाडी निघाली आणि आईचं तोंड सुरू झालं. "समोर बकऱ्या. डाव्या अंगानं सायकल. तो टमटमवाला थांबून राहिला, थांबा." मला हसू आलं. ज्या माणसाने जन्मभर भरलेली एसटी चालवली, त्याला ही बाई बकऱ्या दाखवतेय. आणखी नवल म्हणजे बाबा एका शब्दाने उलटून बोलत नव्हते.

गाव मागे पडलं आणि मागच्या काचेत काहीच दिसेना. पांढरा धूर. जळकट वास. बाजूने एक मोटरसायकलवाला निघाला, त्याने मुद्दाम वेग कमी केला. "काका, डासाची फवारणी करून राहिले का?" एवढं विचारून तो खोकत पुढे गेला.

गाडी कडेला घेतली. मी बॉनेट उघडलं, थोडं थांबून डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या किती तरी वर चढलं होतं. इंजिन गळ्यापर्यंत भरलं होतं.

"बाबा, किती ओतलं हे?"

"लागते तेवढं."

"पट्टी पाहिली होती ना?"

"पाहिली. थोडं जास्त असलं तर कायले बोंबलतं? बांधीत पाणी जास्त झालं म्हणून धान मरते काय?"

इथे माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. बांधीतलं पाणी बदलायचं ही बाबांची थिअरी मी लहानपणापासून ऐकत आले, पण भरपूर ओता ही थिअरी त्यांची नव्हती. ऑइल जास्त भरणाऱ्या नव्या ड्रायव्हरांच्या सात पिढ्या त्यांनी माझ्यासमोर उद्धारल्या आहेत. पुन्हा मोजायचं म्हणून मी पट्टी ओढणीने कोरडी करत होते. तेवढ्यात बाबांनी ती माझ्या हातातून घेतली. जवळ धरली, लांब धरली, उन्हात फिरवली.

"हे पाह्य," ते म्हणाले, "बरोब्बर रेघेवर हाये."

पट्टी कोरडी होती. तिच्यावर ऑइलचा थेंबही नव्हता.

नवं ऑइल पट्टीवर चांगल्या डोळ्यांनाही नीट दिसत नाही, इतकं ते स्वच्छ असतं. काळं असताना त्यांना निदान डाग दिसत असेल. आज काहीच दिसलं नाही, म्हणून त्यांना वाटलं इंजिन अजून रिकामं आहे, आणि ते ओतत गेले. मला हे सगळं एका क्षणात कळलं आणि पाठोपाठ बकऱ्याही कळल्या. मी आईकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"महिना झाला," आई म्हणाली. "मोतीबिंदू हाये. डोळ्याच्या डॉक्टरनं सांगतलं, ऑपरेशन करा अन् तोवर गाडी चालवू नका. यायनं मले शपथ घातली का पोरीले सांगशीन नको. मंग मी सांगून राहिली समोर काय हाये ते. मी नाई सांगीन तं कोण सांगीन?"

मला भयंकर राग आला. या गाडीतून लोकांची पोरं जातात. जिला स्वतःला गाडी चालवता येत नाही अशी माझी आई बकऱ्या मोजत होती आणि तिच्या भरवशावर हा माणूस रस्त्यावर उतरत होता. मी भर रस्त्यात ओरडले, तोंडाला येईल ते बोलले, म्हातारपणी चळ लागलाय का, असंही बोलले. बाबा ऐकत होते. एसटीतल्या प्रवाशांनी शिव्या घातल्या तरी ते असेच ऐकायचे म्हणे.

"मी डेपोत कोणालेच कधी सांगतलं नाई का मले दिसत नाई," ते शेवटी म्हणाले. "कारण मले दिसत होतं. आता पहिल्यांदा सांगायचं होतं. मले ते जमलंच नाई."

माझा राग तिथेच बसला. त्याच्या जागी काय आलं ते सांगायला नको. मी ओढणीने नाक पुसलं आणि ओढणीवरचं ऑइल नाकाला लागलं.

पण इंजिनातलं जादा ऑइल काढल्याशिवाय गाडी हलवणं शक्य नव्हतं. दहा-बारा पावलांवर रस्त्याच्या कडेने एक कोरडी नाली होती, आमच्या पाटासारखीच. गाडी ढकलत तिच्यावर आणायची होती. बाबा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. अर्ध्यावर थांबले. खिशातून चाबी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली, माझ्याकडे न बघता.

"तू बस. मी ढकलतो."

मी चाबी घेतली. इतकी हलकी वस्तू घ्यायला मला इतकं जड कधी गेलं नव्हतं.

आई आणि बाबांनी मागून ढकलली, मी चाकं दोन्ही काठांवर घेतली. बाबा डिकीतला पाना घेऊन नालीत शिरले आणि नुसत्या बोटांनी चाचपत नट शोधून काढला. ऑइल कशात घ्यायचं, हा प्रश्न आईला फार उशिरा सुचला. तोवर तिची जवसाच्या तेलाची कॅन गाडीखाली गेली होती.

"माही कॅन!" आई किंचाळली. नवऱ्याचं न दिसणं तिने महिनाभर निभावलं होतं, पण कॅन तिच्या सहनशक्तीबाहेरची होती. "आता मी तेल काय पदरात आणू?"

मी वर पट्टी घालून काढून बघत होते आणि खाली सांगत होते. थोडं आणखी. आणखी. बस, आवळा. बाबांनी नट आवळला आणि नालीतून बाहेर आले, केसांत गवत, बनियन ऑइलने माखलेलं. एकदाही त्यांनी विचारलं नाही की रेघ नक्की दिसतेय ना.

गाडी सुरू केली. धूर थोडा वेळ आला, मग विरळ होत थांबला. बाबा डावीकडच्या सीटवर बसले, ज्या सीटवर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. आई मागे. कॅनच्या सुतकामुळे कुणी बोलत नव्हतं. आता साकोलीला जाऊन आधी डोळ्यांच्या डॉक्टरची तारीख ठरवायची, मग तेल, असं मी जाहीर केलं. बाबांनी हरकत घेतली नाही.

"ऑपरेशन झाल्यावर चाबी वापस देशीन?" त्यांनी विचारलं. हात मांडीवर होते आणि उजवा पाय रिकाम्या जागेत ब्रेक शोधत होता.

"डॉक्टर हो म्हणाले तं देईन."

 रस्त्याच्या कडेला धानाची पोती थप्पी लावून ठेवली होती, वरून काळी ताडपत्री. बाबा एकदम पुढे झुकले.

"समोर म्हैस हाये. हॉर्न मार."

मी आरशात पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. मी हॉर्न मारला.

"हटली?"

"हटली बाबा," मी म्हटलं, आणि पोत्यांच्या बाजूने गाडी काढली.