दत्ताचं नाक

पाच आठवडे झाले. दुपारी मी लेथवर होतो आणि गुजरातहून फोन आला की तुमचा दत्ता साइटवर वारला. मी ऐकलं, फोन खिशात ठेवला आणि हातातला जॉब पूर्ण केला. तो का पूर्ण केला, मला अजून कळत नाही...

दत्ता आणि मी शिवाजी पेठेतल्या एकाच वर्कशॉपात इंजिनाचं काम शिकलो. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावायची, धुराचा वास घ्यायचा आणि इंजिनाचं दुखणं सांगायचं, ही आमच्या वस्तादांची पद्धत. त्यात दत्ताचा हात धरणारा कुणी नव्हता. मी पेठेतच राहिलो, तो तेलाच्या विहिरींवर गेला. तिथं तेलासोबत वर येणारा गॅस नुसता जाळून टाकत. दत्ताची माणसं तोच गॅस साफ करून इंजिनाला देत आणि जागेवरच वीज करत. "आरं, निस्ता जळून जात हुता की! आता त्याच्यावर माझा कूलर चालतोय," असं सांगून तो स्वतःच मोठ्यानं हसायचा.

मागच्या सुट्टीत त्यानं खिशाला अडकवायचं एक छोटं यंत्र दाखवलं. त्या गॅसमध्ये सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी वायू असतो. तो वाढला की यंत्र ओरडतं. मी टर उडवली, "मग तुझं नाक काय भाड्यानं दिलंस व्हय रं?"

"व्हय की! ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. तिथं दुसरं मागून घीन," म्हणाला आणि ते त्याच्या माहितीच्या कागदासकट माझ्या टेबलावर टाकून चहाला उठला. त्यानं दुसरं मागितलंच नाही.

त्या दिवशी गॅस साफ करायच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. वास येताच दत्तानं सगळ्यांना मागे हटवलं. थोड्या वेळानं "वास गेला" म्हणाला आणि एकटाच पुढे गेला. वास गेला नव्हता. तो वायू फार झाला की आधी नाकच मारतो, वास येणंच बंद होतं... यंत्रासोबतच्या कागदावर हे स्पष्ट छापलंय. मी तो कागद दत्ताच्या बाराव्यानंतर वाचला.

त्याची बायको, सुनीतावहिनी, ते यंत्र साइटवर सापडलं नाही म्हणून घरभर शोधत होत्या. मी समोर बसून होतो आणि माझं तोंड उघडलं नाही. वहिनी, ते माझ्याकडे आहे. त्यानं टाकलं तिथंच, टेबलावर. रोज सकाळी मी त्याचं बटण दाबतो. ते एकदा वाजतं आणि पडद्यावर शून्य येतं.