यादीतले दोन वकील

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात गुणाजी हडकर टाइमकीपर होता. कामगार फाटकातून आत आला की आधी त्याचे कार्ड बघायचे आणि मग तोंड, कारण कार्ड एका भावाचे आणि हजर दुसरा भाऊ, असे प्रकार त्याने दोनदा पकडले होते. आठ वर्षे हेच काम केल्यामुळे म्हणा किंवा मूळचाच पिंड म्हणा, समोरचा जे सांगतो त्याच्या मागे आणखी काहीतरी असणारच, अशी त्याची खात्री असे. कल्याणच्या बाजारात मासा घेतला तर कोळणीने तो त्याच्या डोळ्यांदेखत कापायचा आणि डोकेही त्याच्याच पिशवीत टाकायचे.

बायको कलावती म्हणायची, "अहो, तुम्ही लग्नात अंतरपाटाच्या बाजूने वाकून बघितलंत. मुलगी बदलली तर नाही ना, म्हणून."

"बघितलं म्हणून तर तूच मिळालीस."

"हो का? आणि मला कोणी बघू दिलं नाही, त्याचं काय?"

१९५५ च्या दिवाळीनंतर या घरात थट्टा कमी झाली. कल्याणच्या ज्या दोन खोल्यांत ते राहत होते, त्या मालकाला मुलाच्या लग्नासाठी हव्या होत्या. गुढीपाडव्याला रिकाम्या करून देण्याचे ठरले होते. डोंबिवलीत मानपाड्याच्या रस्त्याला गोपीनाथशेठ नावाच्या जुन्या आगरी शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा एक तुकडा बिनशेती करून त्याचे प्लॉट पाडले होते. त्यातला कोपऱ्याचा प्लॉट गुणाजीने धरला. इसार द्यायला कलावतीच्या पाटल्या मोडल्या. माघ संपेपर्यंत खरेदीखत झाले नाही तर इसार बुडणार होता. मग पाटल्याही नाहीत, प्लॉटही नाही आणि पाडव्याला डोक्यावर छप्परही नाही.

घर बांधायला कर्ज देणार होती कामगारांची पतपेढी, तोच प्लॉट गहाण घेऊन. पेढीची अट एकच होती. जमीन निर्वेध आहे असा दाखला पेढीच्या यादीतल्या वकिलाचाच हवा. यादीत दोन नावे होती, कल्याणचे दिघे वकील आणि ठाण्याचे पेठे वकील.

"फी माझी आणि वकील तुमचा?" गुणाजीने पेढीच्या सेक्रेटरीला विचारले.

"पेढीचे पैसे बुडणार नाहीत एवढं वकिलाने बघायचं, हडकर," सेक्रेटरी म्हणाला. "तुमचं बघायला तुम्ही आहात की."

हे उत्तर गुणाजीला अजिबात आवडले नाही. दोघांपैकी कोण पेढीच्या जास्त आतला असेल, याचा त्याने आठवडाभर विचार केला. शेवटी दिघे वकील जवळचे म्हणून एका संध्याकाळी त्यांच्याकडे निघाला. पायरीवर पाय ठेवणार तोच आतले दृश्य दिसले आणि तो तसाच मागे सरून भिंतीला चिकटून उभा राहिला. आत गोपीनाथशेठ बाकावर मांडी घालून बसला होता आणि बशीतून चहा पीत होता. दिघे वकील पुढे वाकून हळू आवाजात त्याला काही सांगत होते. एकदा तर त्यांनी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

दोन दिवसांनी गुणाजीने गोपीनाथशेठला सहज विचारल्यासारखे विचारले, "काय हो शेठ, कोणी चांगला वकील माहितीत आहे का?"

"हाय ना! दिघे वकील. आमचे बापाचे येलेपासून घरचा मानूस."

घरी येऊन गुणाजीने टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "कला, विकणाराच वकील सुचवतो. आता आणखी काय पुरावा पाहिजे?"

"पण यादीतलाच आहे ना तो?"

"अगो, म्हणूनच! पेढी, वकील आणि शेठ, तिघांची एकच चूल."

म्हणून तो ठाण्याला पेठे वकिलांकडे गेला. पेठे वकील उंच, बारीक आणि रूक्ष बोलणारे होते. त्यांना डोंबिवलीत कोणी ओळखत नव्हते आणि तेही तिथे कोणाला ओळखत नव्हते. गुणाजीला हवे होते ते नेमके हेच. तरीही त्यांच्या कारकुनाला त्याने बाहेर गाठून विचारले, गोपीनाथशेठ नावाचा कोणी इथे येतो का. कारकून म्हणाला, "इथे तुम्हीच इतक्या वेळा येता की दुसऱ्याला जागा नाही."

पेठ्यांनी तीस वर्षांचा शोध घेतला. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा हुकूम सगळे तपासले. कूळ नाही, बोजा नाही, वाटेकरी नाही. त्यांनी दाखला लिहून दिला. गुणाजीने तो गाडीत एकदा, घरी एकदा आणि कलावतीला मोठ्याने एकदा असा तीनदा वाचला. तीनदा वाचूनही त्यात काही खोट सापडली नाही म्हणून तो जरा अस्वस्थच झाला.

पौषातल्या एका रविवारी कलावती म्हणाली, "मला जागा दाखवा तरी. स्वयंपाकघरात ऊन कुठून येणार ते बघायला नको?"

प्लॉटच्या चार कोपऱ्यांना हद्दीचे दगड रोवलेले होते. त्या चार दगडांच्या मध्ये वालाचे वेल पसरले होते आणि गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेली साठीची एक बाई शेंगा खुडत होती.

"येलांवर पाय नका देऊ," ती मान वर न करता म्हणाली.

"हा प्लॉट आमचा आहे," गुणाजी म्हणाला.

आता तिने मान वर केली. "तुमचा? माजे बापानं मना चोली-बांगरीला दिलाय. पंधरा वर्सां झाली. इचारा गोपीनाथला, तो माजा धाकटा भाऊस हाय."

तिचे नाव बायजा. कोळशेतला दिलेली, विधवा होऊन माहेरी परतलेली. मुलीला किंवा बहिणीला चोळीबांगडीसाठी शेताचा एखादा तुकडा तोंडी तोडून द्यायचा आणि त्याचे पीक तिने खायचे, ही या गावांतली जुनी रीत. तिचा कागद कोणी करत नाही. कागद नाही म्हणून ठाण्यात बसून तीस वर्षांचा शोध घेणाऱ्याला ती दिसत नाही.

गुणाजीने कलावतीला बाजूला घेतले. "ही शेठने उभी केलेली बाई आहे. आता तिच्या नावाने वरचे पैसे मागणार, बघ."

"वालाचे वेल काय त्यानं रात्रीत उभे केले?" कलावती फणकारली. मग ती बायजाच्या शेजारी जाऊन बसली आणि शेंगा खुडता खुडता विचारू लागली. थोड्या वेळाने ती उठून आली.

"काय म्हणाली?"

"दिघे वकिलांनी तिच्या भावाला दोनदा सांगितलंय. बहिणीचं काय ते आधी मिटव, तोवर हा कोपरा विकू नकोस, म्हणून. तुम्ही बघितलात तो चहा त्यासाठी होता."

गुणाजी दगडावर बसला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो दिघे वकिलांकडे गेला. त्यांनी पेठ्यांचा दाखला वाचला आणि घडी करून परत दिला.

"खरा आहे. मीसुद्धा हाच दिला असता. फक्त दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या. माझ्याकडे का आला नाहीत?"

गुणाजीने खरे ते सांगितले. दिघे हसले नाहीत.

"विकणाऱ्याला ओळखणारा वकील नको, हे तुमचं बरोबर. पण जमिनीला ओळखणारा कोणीतरी हवा ना? कागदावर त्या बाईचा हक्क नाही. पण पंधरा वर्षांची वहिवाट आहे. उद्या ती कोर्टात उभी राहिली तर तुमच्या भिंती जोत्यावर थांबतील आणि पेढी पुढचा हप्ता देणार नाही. खरेदीखतात तिची संमती घ्या."

संमती घ्यायला सगळे दिघ्यांच्या कचेरीत जमले. बायजा दारातच बसली आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन म्हणाली, "मी अंगठा देनार नाय."

"बाय, असा काय करतेस? मी काय परका हाय?" गोपीनाथशेठ म्हणाला.

"कोलशेतला दीर पन परके नव्हते. रेशनचा कागद बोलले नि अंगठा घेतला. सकाली जमीन नाय. तू तर दिरांपेक्षा गोर बोलतोस."

"मी तुला याचे बदल्यात विहिरीकरचा तुकरा देतो, बोललो ना!"

"बोललास. बापानं पन बोलूनच दिलेला."

माघ संपायला अकरा दिवस उरले होते. गुणाजी बायजाकडे पाहत होता. अंगठा तिने आता, या घटकेला दिला तर त्याचा प्लॉट मोकळा होत होता. पण पदराखाली लपवलेले ते हात त्याला खोटे वाटेनात.

"आजी, देऊ नका अंगठा," तो म्हणाला.

कलावतीने त्याच्याकडे चमकून पाहिले. दिघ्यांनी चष्मा काढला.

"विहिरीजवळच्या तुकड्याचं बक्षीसपत्र आधी. आजींच्या नावाने, चतुःसीमा घालून. ते रजिस्टर झालं की मग संमती, मग माझं खरेदीखत. त्याच दिवशी, त्याच क्रमाने."

"ओ हडकर, तुमी कोनाचे?" गोपीनाथशेठ उसळला. "खरेदी करनारे का तिचे वकील?"

"मी माझाच. तुमच्या तोंडी बोलण्यावर मी घर बांधणार नाही, मग त्यांनी का विसंबावं?"

"आन मी नाय बोललो तर?"

"तर इसार परत करा. बहिणीची वहिवाट लपवून विकत होता. तसं विकू नका, म्हणून दिघे वकिलांनी दोनदा बजावलेलं आहे. ते साक्षीला आहेत."

गोपीनाथशेठ बहिणीकडे न बघता भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "लिवा."

माघ वद्य दशमीला सगळे कल्याणच्या सबरजिस्ट्रारच्या कचेरीत आले. गुणाजीने बक्षीसपत्र ओळ न ओळ बायजाला वाचून दाखवले. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, विहिरीचे पाणी कोणाचे. तिने ऐकून घेतले आणि कागद त्याच्या हातातून काढून कलावतीला दिला. "आता तू वाच, बाय."

कलावतीने वाचला. तरी अंगठा पुढे आला नाही. बायजा कागद घेऊन पायऱ्या उतरली आणि समोरच्या झाडाखाली बसलेल्या, या सगळ्यांतल्या कोणालाच न ओळखणाऱ्या स्टँपविक्याकडे गेली.

"काय चाललंय हे?" गोपीनाथशेठ चिडून म्हणाला. "कचेरी बंद होल ना!"

"होऊ दे," गुणाजी म्हणाला.

खाली स्टँपविक्या बोट फिरवत वाचत होता आणि बायजा त्याच्या बोटाकडे नाही, तोंडाकडे टक लावून पाहत होती. वाचून झाल्यावर तिने काहीतरी विचारले. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. कलावतीने गुणाजीची बाही धरून ठेवली.

शेवटी बायजा पायऱ्या चढून वर आली. कोणाकडेही न बघता टेबलापाशी गेली आणि पदराखालचा हात बाहेर काढून कारकुनाच्या शाईवर ठेवला. बक्षीसपत्रावर गोपीनाथशेठच्या सहीखाली, घेणारी म्हणून, अंगठा उठला, ते रजिस्टर झाल्यावर मग संमतीवर. त्यानंतर शिपायाने गुणाजी हडकर हे नाव पुकारले.